हुतात्म्याच्या तोंडची कोरी पट्टी

त्या फेब्रुवारीत देवाशी माझा अबोला होता. उगाच मऊ करून सांगत नाही, सरळ भांडण होतं. चाळीस वर्षं दर गुरुवारी दत्ताची आरती केली, इकडे परदेशात, ईडन प्रेरीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा गाडी काढून फुलं आणली, आणि त्याने काय केलं? आमच्या ह्यांना मॉलमध्ये, रोजच्या सकाळच्या चालण्यात, धाडकन खाली पाडलं. हृदय बंद पडलं होतं. कुणा अनोळखी माणसाने छाती दाबत ठेवली, ॲम्ब्युलन्स आली, हृदय पुन्हा सुरू झालं. पण मधल्या वेळात मेंदूला रक्त पोचलं नाही. तेव्हापासून हे आयसीयूत पडून होते. तोंडात नळी, छाती मशीनच्या तालावर वरखाली, डोळे अर्धवट उघडे. कुठे बघताहेत ते कळायचं नाही. मी घरी देव्हाऱ्यावर पडदा ओढला आणि म्हटलं, बस आता तूही अंधारात.

दोन आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि सईला, म्हणजे आमच्या लेकीला, एका छोट्या खोलीत बसवलं. ती विमानाने सनीव्हेलहून आली होती. डॉक्टर म्हणाले, तोंडातली नळी अशी फार दिवस ठेवता येत नाही. एक तर गळ्याला भोक पाडून तिथून मशीन जोडायचं, पोटात दुसरी नळी बसवायची आणि ह्यांना दुसरीकडे कायमचं हलवायचं. जागं होण्याची आशा जवळजवळ नाही. नाही तर मशीन काढायचं आणि त्रास होऊ न देता जाऊ द्यायचं. ‘त्यांना स्वतःला काय हवं असतं?’ असं त्यांनी मला विचारलं. आता काय सांगू! अशा वेळेसाठी भरून ठेवायचा फॉर्म आमच्या ड्रॉवरमध्ये तीन वर्षं पडला होता. मी विषय काढला की हे म्हणायचे, ‘बघू गं, आज काय घाई आहे?’ पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मीठ कमी आहे इथपासून जगाचं राजकारण इथपर्यंत सगळ्यावर मत दिलं, आणि नेमकं हे एकच सांगायचं बाकी ठेवलं. सईला गळ्याची नळी हवी होती. सही मात्र माझी लागणार होती. मला ह्यांच्या तोंडून फक्त एक शब्द हवा होता. हो नाही तर नको. बाकी काही मागणं नव्हतं.

आता त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर घरात बसून नुसते डबे पुसत राहायचे का, म्हणून वर्षभरापूर्वी मी जवळच्या एका धर्मशास्त्र कॉलेजच्या ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. तिथे जुन्या पुस्तकांचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवतात. त्यांतल्या चित्रांचं वर्णन लिहायचं, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो. डोना नावाची उंच, मोजकं बोलणारी ग्रंथपाल होती. तिचा नियम एकच: दिसतं तेवढंच लिहायचं, अर्थ लावायचा नाही. माणूस रडतोय असं लिहायचं नाही, माणसाच्या गालावर रेघा आहेत असं लिहायचं. मी आयुष्यभर रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते, मला हे पटलं. आणि माझ्या वाट्याला आलं ते साडेचारशे वर्षांपूर्वी छापलेलं एक अवजड इंग्रजी पुस्तक, प्रोटेस्टंट पंथाच्या हुतात्म्यांचं.

हुतात्मा हा शब्द मी जन्मभर चौकांच्या नावांत वाचत आले. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं, हे शाळेत शिकलेलं विसरूनही गेले होते. त्या पुस्तकाने आठवण करून दिली. पानापानावर लाकडावर कोरून छापलेली चित्रं: खांबाला साखळीने बांधलेला माणूस, पायाशी मोळ्या, ज्वाळा, भोवती भालेवाले शिपाई आणि बघ्यांची गर्दी. जाळणारेही ख्रिस्ती आणि जळणारेही ख्रिस्ती. कितीतरी जणांचा गुन्हा एवढाच, की देवाचं वचन आम्ही आमच्या बोलीत वाचणार म्हणाले. देवाला मराठीत आणणाऱ्यांचे आपल्याकडेही कमी हाल झाले नाहीत, त्यामुळे हे काही मला परकं वाटलं नाही. फक्त माझ्या तोंडची एक सवय त्या खोलीत मला जड जाऊ लागली. माउस अडकला, चष्मा सापडेना, की माझ्या तोंडून जायचं, ‘जळ्ळं मेलं!’ एकदा असं म्हणाले आणि समोरच्या पडद्यावर एक म्हातारा खरोखर जळत होता. मग मी तिथे गप्प बसायला शिकले.

त्या चित्रांत जळणाऱ्याच्या तोंडातून एक लांब पट्टी निघालेली असते, आणि तिच्यावर त्याचे शेवटचे शब्द. डोनाने मला समजावलं होतं, की लाकडात त्या जागी खाच ठेवायचे आणि तिच्यात धातूची अक्षरं बसवायचे. कधी अक्षरं बसवायची राहून जात, मग पट्टी कोरीच छापली जाई. वाऱ्यावर उडणाऱ्या फितीसारखी ती तोंडातून निघते, वळसा घेते, आणि तिच्यावर काही नसतं. मी लिहायचे, ‘पट्टी कोरी आहे.’

एक चेहरा मला सारखा भेटायला लागला. तीच दाढी, तोच वर केलेला उजवा हात, खांद्यावर तीच फाटकी बाही. पान उलटावं तर नाव वेगळं, गाव वेगळं, आणि माणूस तोच. माझ्या मोजणीत हा बाबा आठ वेळा जळला होता. डोना म्हणाली, छापखान्यात ठसे थोडे आणि हुतात्मे फार, म्हणून एकच ठसा पुन्हा पुन्हा वापरत. कारण कळलं, पण अंगावरचा काटा गेला नाही. ठसा झिजत गेला होता. पहिल्या चित्रात त्याचे ओठ उघडे होते. पुढे पुढे शाई भरून तोंड मिटत गेलं, आणि आठव्या चित्रात ओठांच्या जागी नुसता काळा ठिपका राहिला. पट्टी मात्र त्या मिटलेल्या तोंडातूनही निघत होती. आणखी एक गोष्ट होती. जाळणाऱ्यांचे चेहरे कुणा जुन्या वाचकाने नखाने किंवा सुरीने खरवडून काढले होते. एका शिपायाच्या चेहऱ्याच्या जागी कागदाला आरपार भोक होतं, आणि त्या भोकातून मागच्या पानावरची ज्वाळा दिसत होती. हे मी जसंच्या तसं लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘तू आपली फुलांची चित्रं माग त्यांच्याकडून.’

हे पडल्यावर मी ते काम सोडेन असं सगळ्यांना वाटलं. मी सोडलं नाही. सई सकाळी ह्यांच्याजवळ बसायची, मी एक दिवसाआड दोन तास ग्रंथालयात जायचे. सईला ते मुळीच आवडत नव्हतं. ‘आई, सीरियसली?’ एवढंच म्हणायची. तिला कसं सांगू, की हॉस्पिटलात जो तो ‘स्टे स्ट्राँग’ म्हणून खांदा दाबत होता, आणि त्या पुस्तकात कुणी मला काही म्हणत नव्हतं. खिडकीबाहेर बर्फ, आत तो पांढरा उजेड, आणि फोटो काढायच्या यंत्राची काच दर पानावर हळूच फुस्स करत खाली यायची. ह्यांच्या मशीनचा आवाज असाच होता. कधी कधी मला वाटायचं, काच खाली आली की ह्यांनी श्वास घेतला. मग मी पुढच्या फुस्सची वाट बघत बसायचे.

सतराव्या दिवशी, बुधवारी, डोनाने मला बाजूला बोलावलं. सगळ्या नोंदी ती शेवटी तपासायची. म्हणाली, एक नोंद तिला कळत नाहीये. तिने पडद्यावर चित्र उघडलं. आठव्यांदा जळणारा तोच माणूस, काळा ठिपका झालेलं तोंड, लांब पट्टी. खाली वर्णन इंग्रजीत, माझंच, अगदी नियमात बसणारं. आणि पट्टीवर काय लिहिलंय ते टाइप करायच्या चौकटीत एकच शब्द, देवनागरीत.

येतो.

डोनाने विचारलं, ही कोणती भाषा आहे? मला तर पट्टीवर अक्षरं दिसत नाहीत, तुला काय दिसलं? तो शब्द टाइप केल्याचं मला काडीचंही आठवत नव्हतं. मी म्हटलं, मूळ पान दाखव. तिने पुस्तक आणलं, जुन्या पुस्तकांसाठीच्या मऊ उशीवर ठेवलं, जपून उघडलं. मी वाकून बघितलं, बाजूने दिवा धरून बघितलं. पट्टी कोरी. एक ओरखडा नाही, दाबाची खूण नाही. मग नोंद कधी सेव्ह झाली ते डोनाने काढून दाखवलं. हे पडले तोच सोमवार, सकाळचे नऊ बेचाळीस. मॉलमधून ॲम्ब्युलन्सला फोन गेला तो नऊ चाळीसच्या सुमाराला, हे मला ॲम्ब्युलन्सच्या कागदावरून पाठ होतं. खोलीत हीटर चालू होता, तरी मला हुडहुडी भरली. डोनाने माझ्या खांद्यावर तिची शाल टाकली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. नियम नियम असतो. मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, ‘पट्टी कोरी आहे.’ ते लिहिताना मला रडू फुटलं.

त्या सोमवारी मी पुस्तकाचं काम घरूनच करत होते. कानाला हेडफोन, त्यात जुनी गाणी. हे निघाले तेव्हा हातमोजे कुठे, टोपी कुठे, म्हणून दोनदा विचारून गेले होते आणि मी वैतागले होते. ‘डोकं खाऊ नका हो,’ असंही म्हणाले. मग गॅरेजच्या दाराशी उभे राहून ह्यांनी काहीतरी म्हटलं. ओठ हललेले मला दिसले. मी नजर पुन्हा स्क्रीनवर वळवली आणि हात हलवला, माशी वारतात तसा. दार बंद झालं. एवढंच. हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं, सईलाही नाही, आणि देवाला तर नाहीच.

दुपारी हॉस्पिटलात गेल्यावर मी सईला सगळं सांगून टाकलं. तिने आधी माझ्याकडे काळजीने पाहिलं. म्हणाली, ‘आई, यू हर्ड हिम. हेडफोनमधून पुसट ऐकलं असशील, आणि नंतर नकळत टाइप झालं.’ असेलही. हे घर सोडून गेले साडेआठला आणि शब्द उमटला नऊ बेचाळीसला, पण असेल. मी वाद घातला नाही. पण मग तिचे डोळे एकदम चमकले. ‘येतो! आई, येतो मीन्स आय ॲम कमिंग. बाबा परत येणार म्हणतोय! देन वी हॅव टु डू द ट्यूब!’

मी म्हटलं, ‘अगं राणी, घरातून निघताना म्हणतात ते.’

‘मग जातो का नाही म्हणत?’

‘जातो म्हणायचं नसतं.’

‘पण व्हाय?’

जातो म्हटलं की माणूस परत येत नाही असं आपण धरून चालतो, म्हणून जाणारा प्रत्येक जण खोटं बोलतो आणि आपण ते ऐकून घेतो. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात हॉस्पिटलात निघाल्या तेव्हा स्ट्रेचरवरून ‘येते’ म्हणाल्या होत्या. सई म्हणत होती हो, मी म्हणत होते निरोप, आणि शब्द एकच. ह्यांच्या तोंडचा शब्द मिळावा म्हणून मी सतरा दिवस तडफडले, आणि मिळाला तो असा, दोन्हीकडे ओढता येणारा! थट्टा करायची देवाची ही तऱ्हा मला मुळीच आवडली नाही. आम्ही दोघी ह्यांच्या खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहून चक्क भांडत होतो.

ह्यांची नर्स सलाइन बदलत होती. सोमाली बाई, डोक्यावर घट्ट रुमाल, हात फार हलके. तिने हळूच विचारलं, कुठल्या शब्दावरून चाललंय? मी इंग्रजीत सांगितलं, की आमच्यात घरातून जाणारा माणूस ‘मी येतो’ म्हणतो. तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिने मान हलवली आणि विचारलं, ‘आणि घरात राहणारा काय म्हणतो?’

मी म्हटलं, ‘या.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे... या. कम.’

तिने बाटली टांगली, थेंब मोजले, आणि जाता जाता सहज विचारलं, ‘मग तुम्ही म्हणालात का त्यांना?’

ती निघून गेली. मी खुर्चीत बसले ती बसलेच. एवढे दिवस मी एकाच गोष्टीसाठी हटून बसले होते, की ह्यांनी बोलावं. शब्द तर माझ्याकडून यायचा राहिला होता. आपल्या घरी पाहुणा निघताना दाराशी ‘येतो’ म्हणतो आणि थांबतो. घरातलं कुणी ‘या’ म्हणेपर्यंत त्याचा पाय उंबऱ्यातून हलत नाही. आणि मी माशी वारली होती. ह्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. हा माणूस उत्तर मिळाल्याशिवाय कधी फोनसुद्धा ठेवायचा नाही. सतरा दिवस हे त्या दाराशी ताटकळत उभे होते, असं माझ्या मनाने घेतलं आणि ते आजही गेलेलं नाही. सईने मला जवळ घेतलं. हेडफोनचं, हात हलवल्याचं पुन्हा एकदा सांगितलं मी तिला, आणि ती नुसती ‘ओ आई, ओ आई’ करत राहिली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळी मी देव्हाऱ्याचा पडदा सारला. फुलं नव्हती, आरतीही म्हणवली नाही. समोर बसून म्हटलं, महाराज, आता ह्यांनी काय बोलावं ते मी विचारत नाही. येतो म्हणजे काय ते तुम्ही आणि हे बघून घ्या. माझ्याकडून जे द्यायचं राहिलंय ते देण्याचं बळ तेवढं द्या. अडीच आठवड्यांनी मी देवाशी बोलत होते आणि त्यात मागणी फार थोडी होती. मग मी हॉस्पिटलात गेले, सईशी तासभर बोलले, आणि डॉक्टरांना सांगितलं, की गळ्याला भोक नको. सईने माझा हात सोडला नाही, पण हो असंही म्हणाली नाही. तिच्या मनात आशा होती, की नळी काढल्यावर बाबा स्वतःहून श्वास घेईल आणि डोळे उघडेल.

दुपारी दोनला नळी काढली. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं आणि छतावर त्याची तिरीप हलत होती. मशीन थांबल्यावर खोलीत जी शांतता आली तिची मला भीती वाटली. ह्यांनी एक श्वास घेतला, स्वतःचा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. तोंड नळी काढल्यावर तसंच किंचित उघडं राहिलं होतं आणि ओठ हलल्यासारखे दिसत होते. नर्स म्हणाली, ते स्नायूंचं असतं. असेल. मी कानाजवळ गेले. ‘या’ एवढा एका अक्षराचा शब्द, रोज दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना म्हटलेला, आणि घशातून निघेना. माझीच पट्टी कोरी. तीन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्यांदा आवाज आला, आणि तो दाराशी उभं राहून म्हणायचा रोजचाच आवाज होता.

‘बरं, या. सावकाश या.’

सईने ते ऐकलं. तिला वाटलं मी त्यांना परत बोलावतेय. ती धावत आली, ह्यांचे दोन्ही पाय घट्ट धरले, आणि एरवी बाबाला अरे-तुरे करणारी माझी पोर माझ्यासारखंच म्हणू लागली, ‘या बाबा, या. या ना.’ ह्यांनी आणखी पाच-सहा श्वास घेतले असतील. प्रत्येकाच्या मधे अंतर वाढत गेलं. कपाळावरची आठी, जी त्या सतरा दिवसांत एकदाही गेली नव्हती, ती मला डोळ्यांदेखत सैल होताना दिसली. मग पुढचा श्वास आला नाही.

लोक विचारतात, काकू, मग चमत्कार झाला म्हणायचं का? मी म्हणते, डोनाला विचारा, पट्टी कोरी आहे. दिसलं तेवढं मी सांगितलं. तो शब्द कुणी लिहिला, माझ्या बोटांनी, ह्यांनी, का आणखी कुणी, याचा शोध मी घेत नाही. मला फक्त एवढं कळलं, की मी देवाकडे उत्तर मागत होते तेव्हा तो माझ्या उत्तरासाठी खोळंबला होता, आणि त्याने ते माझ्याकडून घेतलं, उशीर झाला म्हणून रागावला नाही. त्या परक्या देशातल्या जळणाऱ्या माणसांचे आणि त्या नर्सचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. आरती पुन्हा सुरू आहे. सई गुरुवारी फोन लावून ठेवते आणि तिकडून टाळ्या वाजवते. तिचं मराठी मी जन्मभर दुरुस्त करत आले, ‘ती खुर्ची’ म्हण, ‘तो खुर्ची’ नाही. त्या दुपारच्या तिच्या ‘या’चा अर्थ मात्र मी तिला अजून सांगितलेला नाही. तिचा बरोबर की माझा, ते मलाच ठाऊक नाही.